भरदुपारची दोन मिनिटे

जनसंवादाच्या अभ्यासक्रमात आम्हाला जे प्रात्यक्षिक होते, त्यात संपूर्ण लघुपट करायचा नव्हता. एका कल्पित लघुपटाची केवळ सुरुवातीची दोन मिनिटे, श्रेयनामावलीसह, तयार करायची होती आणि त्यासोबत आपण घेतलेल्या निर्णयांचे लेखी परीक्षण द्यायचे होते. संपूर्ण गोष्ट सांगायची नसल्यामुळे हे काम सोपे असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात शेवट नसलेल्या गोष्टीची सुरुवात करणे अधिक अवघड असते, कारण प्रेक्षकाच्या मनात जो प्रश्न निर्माण करायचा, त्याचे उत्तर हाताशी नसताना तो प्रश्न नेमका मांडावा लागतो.

आमच्या गटाने रहस्यपट हा प्रकार निवडला. तयारी म्हणून आम्ही जे प्रारंभ पाहिले, त्यांतील बहुतेकांत रात्र होती, पाऊस होता, एखादा लुकलुकणारा दिवा होता. या गोष्टी परिणामकारक असतात याबद्दल वाद नाही. पण नागपुरात वाढलेल्या माणसाला विचाराल, तर खरी निर्मनुष्य वेळ रात्रीची नसते. सीताबर्डीला रात्री साडेदहालाही माणसे असतात. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळेत मात्र महाल आणि इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या आतल्या गल्ल्या अशा ओस पडतात, की दूरवर कुणी सायकल उभी केली तरी तिच्या स्टँडचा आवाज ऐकू येतो. भरदुपारी चिंचेखाली जाऊ नये, बारा वाजता विहिरीवर थांबू नये, असे घरातील वडीलधाऱ्यांनी आम्हा सर्वांनाच कधी ना कधी बजावलेले होते. तेव्हा भीती अंधारातच दाखवली पाहिजे हा नियम आपण का पाळावा, असा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत मांडला आणि त्यावर बराच वाद होऊन अखेर लख्ख उन्हातला रहस्यपट करायचे ठरले. पुढचे सर्व निर्णय या एका निर्णयाच्या मागून आले.

कथाबीज साधे होते. कूलर दुरुस्त करणारा एक वयस्क कारागीर दुपारी दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून आत काम करीत बसलेला आहे. चालू असलेला कूलर वीज जाताच बंद पडतो. त्या शांततेत शटरखालून कुणाची तरी दोन पावले दिसतात. पावले उभीच राहतात, कुणी हाक मारीत नाही, आणि कारागिराच्या लक्षात येते की या पावलांना सावली नाही. येथे शीर्षक येते आणि प्रारंभ संपतो.

सावलीची ही कल्पना आम्हाला सुचली ती भूगोलामुळे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने वर्षातून दोनदा सूर्य येथे मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. त्यांपैकी पहिला दिवस २६ मेच्या आसपास, म्हणजे नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस) नुकताच सुरू झालेला असताना येतो, आणि दुपारी बारानंतर काही मिनिटांनी सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. भुताला सावली नसते ही समजूत आणि खगोलशास्त्रातील शून्य सावली या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात बसू शकतात, आणि प्रेक्षकाला त्यांपैकी कोणतीही एक खरी मानता येते. रहस्यपटाला याहून सोयीचे काय असणार? त्या विशिष्ट दिवसाच्या मागेपुढे काही दिवस सावली इतकी आखूड असते की कॅमेऱ्याला फरक कळत नाही, त्यामुळे आमचे सगळे एकाच दुपारवर अवलंबून नव्हते; तथापि प्रत्येक दुपारी हाती येणारा वेळ अर्ध्या तासापेक्षा फारसा नसे.

दुकान शोधताना अडचण आली ती छपराची. जवळजवळ प्रत्येक दुकानापुढे पत्रा किंवा ताडपत्री असते, आणि तिच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसाला सावली नसण्यात आश्चर्य ते काय? महालातील एका गल्लीत पुढे काहीही न आलेले, सरळ रस्त्यावर उघडणारे दुकान मिळाले. त्याच्या मालकांना मी काका म्हणत असे. त्यांनी महाविद्यालयाचे पत्र न वाचताच परवानगी दिली. अट एवढीच घातली की गिऱ्हाईक आले तर शूटिंग थांबवायचे, कारण मे महिना हा त्यांच्या धंद्याचा असतो. आम्ही रस्त्यावर काठी उभी करून तिची सावली मोजत बसलेलो पाहून ते म्हणाले, “काय पाहून राहिले बाप्पा तुम्ही? दुपारची सावली कोणाले सापडते का?” हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आणि पुढे पटकथेत वापरायचे म्हणून ठेवले आहे.

काठीची सावली नाहीशी होते, माणसाची होत नाही, हे तेव्हाच ध्यानात आले. खांदे पावलांपेक्षा रुंद असल्यामुळे त्यांची सावली पावलांभोवती एक डाग होऊन राहते. म्हणून आगंतुकाच्या भूमिकेसाठी अंगाने सडपातळ असा वर्गमित्र घेतला, त्याला हात शरीराशी घट्ट धरून उभे केले, आणि चौकट घोट्यापासून खाली अशी घेतली की पावले स्वतःच्याच सावलीत उभी राहतील, पण त्यांच्यापासून बाहेर पसरणारी एकही काळी रेघ दिसणार नाही. कॅमेरा अगदी जमिनीला टेकवला असता तर जमीनच दिसली नसती. तो कारागिराच्या बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. अशाने ते दृश्य त्याच्या नजरेतलेही झाले. गल्ली वरून दाखवण्यासाठी ड्रोन वापरावा, असे गटातील एकाचे म्हणणे होते. परंतु २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या परिघापासून आठ किलोमीटरच्या आत पूर्वपरवानगी लागते, आणि शहराचा मोठा भाग त्या अंतरात येतो. मला त्याचे दुःख झाले नाही. वरून पाहिलेली गल्ली सुंदर दिसते, भीतीदायक दिसत नाही.

प्रकाशाचा प्रश्न वेगळाच होता. दुकानाच्या आत अंधार आणि बाहेर डोळे दिपवणारे ऊन असताना कॅमेऱ्याला दोन्ही एकाच वेळी नीट टिपता येत नाही. आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा सल्ला आत दिवे लावून फरक कमी करावा असा होता, आणि एरवी तो योग्यच आहे. आम्ही मात्र आतील प्रकाशाप्रमाणे मोजमाप ठेवून बाहेरचा रस्ता जवळजवळ पांढरा होऊ दिला. अंधारात काय आहे ते दिसत नाही म्हणून जशी भीती वाटते, तशी ती अति उजेडातही वाटावी, हाच तर आमचा मूळ मुद्दा होता. पावलांच्या चौकटीसाठी तेवढे मोजमाप बदलले, कारण तेथे जमीन दिसणे आवश्यक होते.

दुकानातील ट्यूबलाइट चाचणीच्या चित्रणात थरथरताना दिसली, तिचा उपाय मात्र पाठ्यपुस्तकातच होता. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. सेकंदाला २५ चौकटी आणि कॅमेऱ्याच्या शटरचा वेग एक-पन्नासांश सेकंद ठेवला की ही थरथर दिसेनाशी होते. उन्हाने तापून कॅमेरा मध्येच बंद पडे, त्यासाठी त्यावर छत्री आणि ओला दुपट्टा धरण्याचे काम एकाकडे कायमचे दिलेले होते.

कारागिराची भूमिका करणारे काका दुकानमालकांहून वेगळे; ते झाडीपट्टी रंगभूमीवर काम करणारे कलावंत होते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागातील ही नाटके दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालतात आणि उन्हाळ्यात कलावंतांना थोडी उसंत मिळते, म्हणून ते आम्हाला लाभले. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचणारा आवाज आणि हातवारे ही त्यांची आयुष्यभराची कमाई, आणि आम्हाला हवा होता तो चेहरा ज्यावर जवळजवळ काहीच घडत नाही. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांचा सिद्धान्त आम्ही वर्गात शिकलो होतो: निर्विकार चेहऱ्यापुढे जे दृश्य जोडावे, त्याप्रमाणे प्रेक्षक त्या चेहऱ्यावर भाव वाचतो. तो मी काकांना समजावून सांगू लागले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे मी काहीच करायचं नाही आणि घाबरायचं काम पाहणाऱ्यानं करायचं, असंच ना पोरी?” याहून नेमके मला सांगता आले नसते. तरीही भुवया उंचावण्याची त्यांची सवय जाता जाईना. शेवटी त्यांना खरोखरीच पंपाचा एक स्क्रू काढायला दिला, आणि काम खरे झाल्याबरोबर चेहरा आपोआप स्थिर झाला. मूळ पटकथेत ते खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, घोटत बसलेले दाखवले होते. तंबाखूची दृश्ये असलेल्या चित्रपटांना चौकटीत आरोग्यविषयक इशारा द्यावा लागतो. आमच्या विद्यार्थी-प्रयोगाला कुणी विचारले नसते, पण नागपूर म्हटले की खर्रा, या सोप्या समीकरणाचाही मला कंटाळा होता, म्हणून तो प्रसंग काढून टाकला.

सर्वांत अधिक विचार आम्ही ध्वनीवर केला. प्रारंभी पडदा काही क्षण काळाच राहतो आणि केवळ कूलर ऐकू येतो. नागपूरकराला हा आवाज इतका सरावाचा असतो की तो ऐकूच येत नाही. तो थांबला म्हणजेच कळतो. म्हणून तो प्रेक्षकाच्या कानावर आधी पुरेसा वेळ पडू देणे भाग होते. प्रत्यक्ष चित्रीकरणात कूलर बंदच ठेवावा लागे, कारण त्याच्या घरघरीत इतर सारे आवाज बुडून जात, आणि पारा ४५ च्या पुढे असताना कूलरच्या दुकानात कूलरविना बसण्याची वेळ आमच्यावर येई. कूलरचे ध्वनिमुद्रण वेगळे, पहाटे गल्ली जागी होण्यापूर्वी केले: पंख्याजवळ, पाण्याच्या टाकीजवळ, ताट्यांच्या (कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या गवती जाळ्यांच्या) मागून आणि शटरच्या बाहेरून. लाइट जाण्याची वाट पाहणे शक्य नव्हते, म्हणून प्लग ओढून पंखा थांबतानाचा आवाज घेतला. त्या मुद्रणात एक गोष्ट आयती मिळाली. पंखा आणि पंप थांबल्यावरही भिजलेल्या ताट्यांतून पाणी बराच वेळ ठिबकत राहते, आणि घरघर संपल्यावर उरलेले ते ठिबकणे कोणत्याही पार्श्वसंगीतापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे होते. एका जुन्या गाण्याची रेडिओवरील ओळ वापरायचा विचार होता. हक्कांचा प्रश्न तर होताच, पण ठिबकणे ऐकल्यावर संगीत नकोच यावर आमचे एकमत झाले.

संकलनात पहिला मसुदा तीन मिनिटांच्या वर गेला. जे कापले, त्यात गल्लीची सर्व दृश्ये होती: बंद खिडक्या, रसवंतीचे थांबलेले चाक, सावली शोधणारे कुत्रे. ती चांगली होती आणि मला अजूनही त्यांचा मोह आहे. पण प्रेक्षकाने बाहेरची गल्ली आधी पाहिली, तर शटरबाहेर काय असेल ही शंका पातळ होते. आता संपूर्ण प्रारंभ दुकानाच्या आतूनच दिसतो. पावलांचा आवाजही पावले दिसण्याच्या आधी ऐकू येतो आणि त्या दोहोंच्या मधल्या काळात चेहरा असतो.

नामावलीची अक्षरे आम्ही संगणकावर घातली, तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटू लागली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसू लागल्या. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून सर्व नावे पत्र्यावर लिहून घेतली आणि त्यांची छायाचित्रे वापरली. दिग्दर्शकाचे नाव सर्वांत शेवटी येते, हा प्रघात पाळला. ‘भरदुपार’ हे शीर्षक येताना प्रथम केवळ शिरोरेषा दिसते, शटरच्या खालच्या कडेशी जुळलेली, आणि मग तिच्याखाली अक्षरे उतरतात.

सादरीकरणानंतरच्या चर्चेत मते विभागली गेली. काहींना सावली नसल्याचे लक्षातच आले नाही. त्यांना पावले हलत नाहीत याचीच भीती वाटली. पुण्याहून आलेल्या एका विद्यार्थिनीला कूलर बंद पडण्याचे विशेष काही वाटले नाही, तर वर्गातील नागपूरकरांपैकी दोघांनी त्या क्षणी नकळत वर पंख्याकडे पाहिले. परीक्षणात मी हे सर्व जसेच्या तसे नोंदवले आणि हेही लिहिले, की सावलीची चौकट आणखी थोडा वेळ ठेवून अधिक जणांच्या लक्षात आणून देता आली असती, परंतु मी ती वाढवणार नाही. ज्याच्या लक्षात येईल, त्याला ते स्वतः शोधल्यासारखे वाटावे.

प्राध्यापकांनी आता उरलेला लघुपट पूर्ण करण्यास सुचवले आहे. जूनच्या मध्यास पाऊस आला की कूलर झाकले जातील आणि तो प्रकाशही राहणार नाही. सूर्य जुलैच्या मध्यानंतर पुन्हा एकदा डोक्यावरून जातो खरा, पण तेव्हा आकाश बहुधा ढगाळ असते. म्हणून बाहेरची सर्व दृश्ये पुढच्या मे महिन्यावर टाकली असून, शटर उचलल्यावर कारागिराला काय दिसते, यावर सध्या गटात दोन पक्ष पडले आहेत. दुकानमालक काकांचे म्हणणे तिसरेच आहे: त्यांच्या मते कोणताही शहाणा दुकानदार आधी आतूनच ओरडून विचारेल की कूलर दुरुस्तीला आणला आहे का, आणि मगच शटरला हात लावील. पटकथेच्या पुढील मसुद्यात ते वाक्य आम्ही घेतले आहे.