तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर आला की सुटलं ना?

पुण्याची नणंद विचारते, जत्रेला आलेले पाहुणे विचारतात: "तुमच्या खानापूर भागात मनाचा एक डॉक्टर बसवला, की सुटलं ना सगळं?" मी कर्नाटकातल्या बेळगावजवळच्या याच खानापूरची आशा कार्यकर्ती, म्हणून मला.

डॉक्टर हवाच. जांबोटीच्या पुढच्या आमच्या वाडीतून धारवाडचं मनाच्या आजारांचं हॉस्पिटल गाठायचं म्हणजे पहाटेची बस, बेळगावात गाडी बदला, घरी यायला रात्र. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बसचं तिकीट लागत नाही, पण सोबतच्या पुरुषाला लागतं आणि दोघांची मजुरी बुडते. मग महिन्याच्या गोळ्या संपल्या की "आता बरं हाय की" म्हणून बंद.

पण डॉक्टर समोर बसलेला असूनही काय होतं, ते मी पाहिलंय. आमच्याच वाडीतली एक सून. बाळंतपणानंतर गप्प गप्प. बाहेरचं म्हणून देवरुषी झाला, लिंबू उतरवून झालं. शेवटी मी मागे लागून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला, पण मराठी कळत नव्हतं. हिला कन्नड येत नाही, नवऱ्याला येतं. ती म्हणाली, "डोस्क्यात सारखं विचार फिरूलालेत. विहिरीवर गेलं की कायतरीच वाटतंय." नवऱ्याने कन्नडात एवढंच सांगितलं: झोप लागत नाही. मी दारात उभी होते. आत गेले आणि मोडक्यातोडक्या कन्नडात विहीर सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

नवरा वाईट नव्हता. लाजला. पण सासूबद्दल जे बोलायचं ते ती त्याच्या तोंडून कसं बोलणार?

झिंबाब्वेत शोना भाषेत अशा दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं. आमची आजी तरी दुसरं काय म्हणायची? तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेतल्या १४ आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटलं तर कुणी फिरकणार नाही, हे आज्यांनीच बजावलं. नाव पडलं मैत्रीचा बाक. २०१६ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला: सहा महिन्यांनी आज्यांशी बोललेल्यांचं दुखणं इतरांपेक्षा पुष्कळ कमी होतं. आणि एवढं लांब कशाला, चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा. तिथे 'संगाथ' संस्थेने साध्याच माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवलं, आणि सरकारी केंद्रांत त्याचा गुण आला.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यावर फोनवरून मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा, फुकटचा नंबर २०२२ पासून आहे. मी तो घरोघर सांगते. पण फोन नवऱ्याच्या खिशात असतो, आणि भिंती एका विटेच्या.

म्हणून आम्हा आशांना बसायला जागा द्या, शिकवा, त्या तासाचे पैसे द्या, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणते. साहेब लिहून घेतात.

त्या सुनेच्या पुढच्या खेपेला मी नवऱ्याला म्हटलं, "भावोजी, तुम्ही चहा घेऊन या की." तो गेला. मी तिच्याजवळच्या स्टुलावर बसले.