गालाच्या आतली पट्टी

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी मी प्रोप्रॅनोलॉलचा बक्कल पॅच, म्हणजे गालाच्या आतल्या अस्तराला चिकटून औषध सोडणारी पट्टी, हा विषय घेतला, आणि त्यामागचे कारण सरळ होते. रक्तदाबावरचे हे औषध गिळले की आतड्यातून जवळजवळ सगळे शोषले जाते, परंतु तेथून ते आधी यकृतात जाते आणि साधारण चौथा हिस्साच पुढे रक्ताभिसरणात पोहोचतो. गालाच्या अस्तरातले रक्त गळ्याच्या शिरेवाटे हृदयाकडे जात असल्यामुळे यकृताचा हा जकातनाका टळतो.

चिकटवणे हा भाग सोपा असेल, ही माझी समजूत मात्र फार काळ टिकली नाही. पट्टीतला पॉलिमर लाळ शोषून फुगतो म्हणूनच तो चिकटतो, पण तोच जास्त फुगला की बुळबुळीत होऊन जागेवरून सरकतो. कार्बोपॉल हा पॉलिमर घट्ट धरतो, तरी तो आम्लधर्मी असल्यामुळे अस्तराची आग होण्याची भीती असते. म्हणून मी त्याचे प्रमाण कमी ठेवून एचपीएमसी या दुसऱ्या, सौम्य पॉलिमरची जोड दिली. बाहेरच्या बाजूला पाण्यात न विरघळणाऱ्या इथाइल सेल्युलोजचा थर हवाच, नाहीतर औषध लाळेत उतरते, गिळले जाते आणि पुन्हा यकृतातच पोहोचते.

औषध आणि पॉलिमरचे द्रावण ९ सेंटिमीटरच्या पेट्रीडिशमध्ये ओतून, वर उलटे फनेल ठेवून, सावकाश वाळवायचे, आणि मग २ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापायच्या. एका चकतीत १० मिलिग्रॅम औषध हवे असेल, तर डिशमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम घालावे लागते. माझ्या पहिल्या खेपेतल्या चकत्यांमध्ये औषधाचे प्रमाण इतके कमीजास्त निघाले की मी दोन दिवस वजनकाट्याला दोष देत बसलो. खरे पाहता टेबलच एका बाजूला कलते होते आणि द्रावण तिकडे साचत होते.

चिकटण्याची ताकद मोजण्यासाठी बकऱ्याचा गाल लागतो. सकाळी लवकर जाऊन मी तो खाटकाकडून थंड सलाइनमध्ये घालून आणत असे, आणि ‘एवढाच?’ हा त्याचा प्रश्न रोजचा होता. जुन्या तराजूच्या एका बाजूला तो गाल आणि पट्टी, दुसऱ्या बाजूला ब्युरेटमधून थेंबथेंब पाणी. पट्टी सुटली की ब्युरेट बंद करून पाण्याचे वजन करायचे.

या तराजूवर माझी पट्टी उत्तम ठरली. सरांनी आकडे पाहिले आणि एवढेच विचारले, ‘बकरा बोलतो का?’ त्या दुपारी औषधाविना केलेली कोरी पट्टी मी स्वतःच्या गालात, जबडा सर्वांत जास्त हलतो त्या ठिकाणी लावली, आणि डबा खाऊन होईपर्यंत ती कधी गिळली गेली, हे मला कळलेही नाही. दुसऱ्या दिवशी मी ती वरच्या हिरडीला लागून, थोडी पुढे लावली.