पलटा कापू नका

शूटिंगसाठी बोलावणारे, कार्यक्रमानंतर भेटणारे, अगदी माझ्या वर्गातल्या मुलींचे पालकसुद्धा एक प्रश्न हमखास विचारतात: "तुम्ही कथक नर्तकी. नाचून झालं की तुमचं काम झालं. मग एडिटिंगच्या खोलीत बसायचा आग्रह कशासाठी?" तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आधी गतभावाबद्दल, म्हणजे कथकमधल्या अभिनयातून गोष्ट सांगण्याच्या प्रकाराबद्दल सांगायला हवं. त्यात शब्द नसतात. तबल्यावर ठेका, पेटीवर किंवा सारंगीवर लहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणारी एक धून, आणि त्यावर एकटी नर्तकी अख्खा प्रसंग उभा करते. द्रौपदी वस्त्रहरण घ्या. फासे टाकणारा शकुनी तीच, हरत चाललेला युधिष्ठिर तीच, केस धरून ओढणारा दुःशासन तीच आणि ओढली जाणारी द्रौपदीही तीच. पोशाख बदलत नाही, प्रकाश बदलत नाही. बदल होतो तो पलट्यात. एक पाऊल, अर्धी गिरकी, की समोरचा माणूस निराळा. माझ्या गुरूंनी हा पलटा आमच्याकडून महिनोन् महिने घोटून घेतला. दुःशासनाची मूठ सुटत असतानाच द्रौपदीचा खांदा आकसायला हवा. मधल्या क्षणात तू स्वतः दिसता कामा नयेस, असं त्या सांगायच्या.

काही वर्षांपूर्वी हाच गतभाव मी एका छोट्या फिल्मसाठी केला. मंडळी आदराने वागली, मन लावून काम केलं. दिवसभरात कितीदा तरी पूर्ण प्रसंग नाचले. फिल्म पाहिली तेव्हा तिच्यात एकही पलटा नव्हता. शकुनीचा हात, कट. युधिष्ठिराचा चेहरा, कट. द्रौपदी. शेजारी आई बसली होती. स्टेजवर हा प्रसंग पाहताना तिचे डोळे दर वेळी भरून येतात. त्या दिवशी ती म्हणाली, "तू द्रौपदी कधी झालीस गं? कळलंच नाही."

एडिटरला मी दोष देत नाही. त्यांच्या कामात एक जुना नियम आहे: कट जाणवू द्यायचा नसेल तर हालचालीवर कापा. माणूस वळत असताना कापलं की सांधा दिसत नाही. आणि वळणं म्हणजेच तर आमचा पलटा! म्हणजे त्यांनी त्यांचं काम सफाईने केलं आणि त्यात नेमकी गोष्टच गेली. एका देहातून एक माणूस जातो आणि दुसरा येतो, ते येणं-जाणं दिसलं तरच कथकमध्ये कथा आहे. ते काढलं की उरतात एका बाईने केलेल्या चार भूमिका. हे त्या खोलीत सांगणारं कुणी नव्हतं. मला बोलावलंच नव्हतं आणि आपण जायला हवं, हे मलाही तेव्हा सुचलं नाही.

नाचणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीच कळली होती. हॉलिवूडमध्ये 1930च्या दशकात फ्रेड अस्टेअरचा आग्रह असायचा की नाच डोक्यापासून पावलांपर्यंत दिसावा आणि कट कमीत कमी असावेत. आपल्याकडे उदय शंकर यांनी 'कल्पना' (1948) स्वतःच दिग्दर्शित केला.

पण कटशी माझं वैर नाही. फिल्मकार माया डेरेन यांची 1945 सालची एक फिल्म आहे, जेमतेम दोन-तीन मिनिटांची. नर्तक टॅली बीटी जंगलात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो थेट एका घरातल्या खोलीत. तिथे कट स्वतःच पलटा झालाय. फिल्मच्या श्रेयनामावलीत कर्ते म्हणून दोघांची नावं आहेत, डेरेन आणि बीटी. नर्तकाला कर्ता मानलं की कट असा पडू शकतो, असं मला ती फिल्म पाहताना दर वेळी वाटतं.

आणि 'पिना' (2011) ही फिल्म. जर्मनीतल्या वुपरटाल शहरात नृत्यरचनाकार पिना बाउश आपल्या नर्तकांना प्रश्न विचारायच्या, नर्तक हालचालींतून उत्तरं द्यायचे, आणि त्यातून नृत्यं घडायची. दिग्दर्शक व्हिम वेंडर्स बाउश यांच्यासोबत फिल्म करणार होते. चित्रीकरणाच्या तोंडावर, जून 2009मध्ये, बाउश गेल्या. वेंडर्स यांनी फिल्म सोडून दिली होती. ती करायलाच हवी म्हणून त्यांचं मन वळवलं ते नर्तकांनी. मग वेंडर्स यांनी बाउश यांचीच रीत धरली. पिनाबद्दल नर्तकांना प्रश्न विचारले आणि उत्तर म्हणून प्रत्येकाने आपापला नाच दिला, कुणी रस्त्यावर, कुणी शहराच्या वर रुळाला लटकून धावणाऱ्या रेल्वेत. शोक कसा दाखवायचा, हे तिथे शोक करणाऱ्यांनी ठरवलं.

पुढच्या फिल्मच्या वेळी मी अट घातली, की एडिटिंगला मी बसणार. दोन दिवस बसले. शिकले मीच जास्त. माझा हट्ट होता की सगळं लाँग शॉटमध्ये, सलग दिसावं. एडिटरने मला ते तसं लावून दाखवलं: पलटा होता, पण द्रौपदीची नजर मुंगीएवढी. क्लोज-अपमध्ये नजर मिळत होती, पण स्टेजसाठी बसवलेली गिरकी चौकटीबाहेर जात होती. मग आम्ही एक दिवस पुन्हा शूट केलं. कॅमेरा छातीपासून वर, एका जागी स्थिर. मी पाऊल काढून टाकलं, गिरकी काढून टाकली आणि पलटा फक्त मानेत आणि पापण्यांत ठेवला. इतका लहान पलटा मी त्याआधी कधीच घेतला नव्हता. कॅमेरा कितीही चांगला लावला तरी पलटा कुठवर लहान करता येतो, हे तो करणारीलाच ठरवावं लागतं. तो शॉट बावीस सेकंदांचा आहे आणि त्यात एकही कट नाही. बाकीचे पलटे मी आनंदाने सोडून दिले.

आईला तो तुकडा दाखवला. ती काही बोलली नाही, पुन्हा लाव म्हणाली.

तबल्यावर साथ करणाऱ्या दादांनी मात्र पाहताच बोट ठेवलं: द्रौपदीने मान वर केली आणि पुढचा शॉट आला, तो समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, दोन मात्रा आधी. बरोबर होतं त्यांचं. माझ्या आणि एडिटरच्या, दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वेळी त्या खोलीत तिसरी खुर्ची लागणार आहे.