भय वाटणे आणि भय धरणे

शरणपूर, नाशिक. फेब्रुवारी, रविवारची रात्र.

आज सकाळच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, येत्या शुक्रवारी आमच्या घरी होणाऱ्या प्रार्थनासभेत ‘देवाचे भय आणि त्याचे आशीर्वाद’ या विषयावर मी दहा मिनिटे साक्ष द्यावी, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगावा. मी हो म्हणालो आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. साक्षीचा एक साचाच आपल्या मंडळ्यांत पडून गेला आहे: आधी संकट, मग विश्वास, आणि शेवटी नोकरी, फ्लॅट किंवा परदेशी गेलेला मुलगा. माझ्याजवळ देवाच्या भयाची एकच खरी गोष्ट आहे आणि तिच्या शेवटी यांपैकी काहीही नाही.

दुपारी वही घेऊन बसलो तेव्हा प्रथम शब्दच अडला. मराठीत भूक लागते, झोप येते, भीती वाटते. या गोष्टी आपल्या बाबतीत घडतात, आपण त्या करत नाही. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मराठीत मात्र परमेश्वराचे भय ‘धरतात’. धीर धरावा, आशा धरावी, गर्दीत वडिलांचे बोट धरावे, तसे. आजवर शेकडो वेळा वाचलेल्या या क्रियापदाकडे माझे लक्ष कसे गेले नाही, याचेच नवल वाटले. त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सीनाय पर्वतावर गडगडाट होतो, धूर निघतो, रणशिंगाचा नाद ऐकून लोक थरथर कापत दूर उभे राहतात, आणि मोशे एकाच दमात त्यांना दोन गोष्टी सांगतो: भिऊ नका, आणि तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचे भय तुमच्या डोळ्यांपुढे राहावे यासाठीच तो आला आहे. म्हणजे एक भय सोडून द्यायचे आणि दुसरे धरून ठेवायचे. योहान आपल्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असे म्हणतो, तीही शिक्षेचीच भीती, असे तो तिथेच स्पष्ट करतो. ती गेली तरी दुसरे भय उरते, किंबहुना तेव्हाच ते शक्य होते. 130 व्या स्तोत्रातली ओळ तर मला पूर्वी उलटी छापल्यासारखी वाटे: तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून लोक तुझे भय धरतात. शिक्षा आहे म्हणून नव्हे.

आता ती गोष्ट. एकोणीस वर्षांपूर्वी मी एका द्राक्ष व्यापाऱ्याकडे काट्यावर होतो. बागेत तोडणी चालू असताना भरलेले क्रेट इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचे, आकडा वाचायचा, रिकाम्या क्रेटचे वजन वजा करायचे आणि चिठ्ठीवर लिहायचे, हे माझे काम. रिकामा क्रेट भरत होता एक किलो सहाशे ग्रॅम. वजा करायचे ते दोन किलो, असे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते. याला काटा मारणे म्हणतात, हे बाजारात कोणालाही ठाऊक आहे. दिंडोरीच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बाग तोडायला आम्ही गेलो होतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. काट्याच्या लाल आकड्यांपुढे ते वाकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “भाऊ, मला काही दिसत नाही, तुम्हीच वाचा. तुमच्यावर सोडलं.” त्या दिवशी 210 क्रेट निघाले. क्रेटमागे चारशे ग्रॅम म्हणजे 84 किलो, आणि 32 रुपयांच्या भावाने 2,688 रुपये. हा हिशेब मी तिथल्या तिथे, चिठ्ठीवर त्यांचे नाव लिहितानाच मनात केला होता.

आमच्या घरी रात्री जेवणानंतर एकेक अध्याय क्रमाने वाचण्याची पद्धत आहे. त्या रात्री लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आला. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, तर आपल्या देवाचे भय धर. मी चौदाव्या वचनाशी थांबलो, तेव्हा पत्नीने माझ्या हातून पुस्तक घेऊन पुढचे वाचले. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे. तीही तिने वाचली. तिला काहीच ठाऊक नव्हते.

बहिरा ऐकत नाही, आंधळ्याला दिसत नाही, आणि तिसरा कोणी साक्षीदार नसतो. नेमक्या त्या रिकाम्या जागी शास्त्र देवाचे भय आणून ठेवते. दिसणाऱ्या माणसाला फसवताना निदान त्याच्या डोळ्यांची भीती असते, पण ते मोतीबिंदू झालेले डोळे मला कसला धाक घालणार होते?

तिसऱ्या दिवशी मी मालकांशी बोललो. त्यांनी शांतपणे सांगितले की सगळीकडे असेच चालते. मग मी घरातले पैसे घेतले, एसटीने त्या गावी गेलो आणि ओट्यावर बसलेल्या त्या बाबांच्या हातात 2,688 रुपये ठेवून सगळे सांगितले. त्यांनी नोटा बोटांनी चाचपून मोजल्या, घडी करून बंडीच्या खिशात ठेवल्या आणि इतकेच म्हणाले, “म्हणजे मागच्या साली बी असंच झालं असेल.” पुढच्या हंगामात मला कामावर बोलावणे आले नाही. ते वर्ष आम्ही कसे काढले, ते इथे लिहीत नाही.

मग आशीर्वाद कुठला? ईयोबाच्या पुस्तकात भरभराटीत असलेल्या ईयोबाविषयी सैतान विचारतो की, तो देवाचे भय फुकट बाळगतो काय? प्रश्न सैतानाचा असला तरी चोख आहे, आणि आमच्या बऱ्याच साक्षी त्याला हवे तेच उत्तर देतात. 25 व्या स्तोत्रात भय धरणाऱ्यांशी परमेश्वराचे सख्य असते असे म्हटले आहे. माझ्या वाट्याला आले ते एवढेच. काट्यावर असताना प्रार्थनेत एक जागा टाळून पुढे जावे लागे, खड्डा चुकवून सायकल काढावी तसे. नंतर तो खड्डा उरला नाही, असे मी समजत आलो.

आम्ही राहतो त्या शरणपुराचे नाव मला लहानपणी नुसता पत्ता वाटे. चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इथे आणून अक्षरे आणि हातकाम शिकवले जाई. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांपैकी आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर असलेला जेकब वेनराईट याच शाळेतला. माणसांनी विकलेल्या मुलांना माणसांचेच भय वाटत असणार, आणि त्यांना आणून ठेवले ते शरण या नावाच्या गावात. इतर भयांनी माणूस पळतो, दडतो. नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात परमेश्वराचे भय आणि आश्रयस्थान एकाच वचनात शेजारी बसले आहेत. या भयाने माणूस ज्याला भ्यायचे त्याच्याकडेच धावतो.

हे सगळे शुक्रवारी सांगता येईल. दहा मिनिटे सहज भरतील, लोक ‘आमेन’ म्हणतील. पण वरचे लिहिताना हात एका जागी अडखळला आणि मी दिवा मालवून पुन्हा लावला. मागच्या साली बी असंच झालं असेल, असे ते बाबा म्हणाले तेव्हा मी खाली मान घालून उभा होतो. मागच्या वर्षी त्यांच्या बागेत काट्यावर मीच होतो. ते मी त्यांना सांगितले नाही, पत्नीलाही नाही.

बाबा हयात आहेत की नाहीत, कोण जाणे. असल्यास नव्वदीच्या घरात असतील. त्या वर्षीचे क्रेट किती होते ते आठवत नाही, पण दोनशेच्या खाली नव्हते. बुधवारी पहाटे दिंडोरीची पहिली गाडी धरायची आहे. त्याआधी उद्या सकाळी, चहाच्या वेळी, पत्नीला सांगायचे आहे.