बसव जयंती, हुग्गी आणि लक्कम्मा

अक्षय्य तृतीया, म्हणजे महात्मा बसवेश्वरांची (बसवण्णांची) जयंती, जवळ आली की सोलापुरात आमच्या मंडळाच्या ग्रुपवर यंदा हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, गहू किती घ्यायचे यावर वाद सुरू होतो, आणि मला मात्र संध्याकाळच्या वचनांची, म्हणजे लिंगायत संतांच्या छोट्या कन्नड गद्यकाव्यांची, ओढ लागते. प्रतिमापूजन, हारतुरे, सत्कार हे दरवर्षीचंच, ते सोडून देते. सकाळच्या रॅलीला फेटे बांधून गाड्यांची ही रांग, आणि संध्याकाळी वचनांना मोजून पन्नास डोकी! बाकीचे पंगतीच्या टायमाला बरोबर हजर. तोंडावर बोलत नाही कुणाला, पण लक्षात ठेवते.

पाहुणे बोलतात छान. आपल्या मंगळवेढ्यात बसवण्णांनी बिज्जळ राजाकडे केलेली नोकरी, अनुभव मंटपात, म्हणजे या संतांच्या चर्चासभेत, अध्यक्ष अल्लमप्रभूंसमोर बोलणारी कवयित्री अक्कमहादेवी, मग हरळय्या चर्मकार आणि मधुवरस ब्राह्मण यांच्या पोरांचं लग्न आणि त्यापायी कर्नाटकातल्या कल्याणात (आजच्या बसवकल्याणात) झालेला रक्तपात. पण माझं खरं लक्ष वचनं लिहिणाऱ्या आयदक्की लक्कम्माकडे. नववीतली एखादी मुलगी तिची भूमिका करते. नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणतो, एक दिवस रोजच्यापेक्षा जास्त आणतो, आणि ही घरात फाटकं असूनही त्याला म्हणते, आशा राजाला असते, शिवभक्ताला कशाला? परत टाकून या. तेव्हा मुलगी पदरातले खरे तांदूळ स्टीलच्या ताटात ओतते, तो आवाज ऐकू यावा म्हणून कूलर बंद करतात, एवढ्या उन्हाळ्यात! शेजारी सासूबाईंचे ओठ हलत असतात, तेच वचन कन्नडमध्ये, आसे एंबुदु अरसिंगल्लदे... माझं तर दरवर्षी नाक लाल.

आधी हे आम्हाला ऐकायलाच मिळायचं नाही. स्टेजवर समानतेचं भाषण आणि आम्ही बायका मागे हुग्गी ढवळतोय. भांडून भांडून शेवटी ढवळणं आणि वाढप दोन्ही पोरांच्या गळ्यात घातलं. पहिल्या वर्षी तळाला लागली, तरी खाल्ली सगळ्यांनी.

मांडववाले, साउंडवाले मामा, पिण्याच्या पाण्याचे जार फुकट देणारे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरून आणणाऱ्या जावा, चपला सांभाळणारी गल्लीतली पोरं, सगळ्यांचे उपकार आहेत. कुणी राहिलं असेल तर रागावू नका, फोन करा. आणि हो, कूलरचा प्लग काढायला दरवर्षी न सांगता उठतो तो आमच्या समोरच्यांचा धाकटा, त्याचं नाव पत्रिकेत कधीच नसतं.