सोनकी अजून ओलीच आहे

परवा दुपारी जेवणं उरकल्यावर सहज चित्राच्या कोपऱ्याला बोट लावून बघितलं तर बोटाला पिवळं लागलं. सोनकी, म्हणजे ते पिवळं रानफूल. सप्टेंबरच्या शेवटी आमच्या साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर बघितलेली, ऑक्टोबरात पॅलेट नाइफनं कॅनव्हासवर तेलरंगात जाड थापलेली, आणि आता फाल्गुन लागलाय, खिडकीबाहेर पांगाऱ्याला एक पान नाही नुसती लाल फुलं, त्यावर मैनांची भांडणं चाललीयत, आणि आमच्या बाईसाहेब अजून आतून मऊच. वरून अगदी वाळल्याचं नाटक. बोट जरा दाबलं की कळतं.

तेलरंगाचं हे असंच असतं. तो वाळत नाही, लोणच्यासारखा मुरतो. पाण्याचे रंग वाळतात म्हणजे पाणी उडून जातं, इथं काहीच उडून जात नाही (टर्पेंटाइन सोडून, ते उडतं आणि घरभर वास करतं), उलट जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घेऊन घट्ट होत जातं, म्हणजे वाळताना त्याचं वजन वाढतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना धरून धरून सांगितलं होतं, कुणाला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी. पण सगळीच तेलं असं करत नाहीत, शेंगदाण्याच्या तेलात रंग घोटला तर तो जन्मभर वाळायचा नाही. करडईचं तेल मात्र चालतं, आणि नुसतं चालत नाही, पांढरा रंग बऱ्याचदा करडईच्या तेलातच घोटतात कारण जवस पुढे पिवळं पडतं आणि करडई तेवढी पडत नाही. सोलापूरकडच्या लोकांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. आणि पिवळं पडलेलं चित्र माळ्यावरच्या अंधारात ठेवलं की आणखी पिवळं पडतं, उजेडात आणून ठेवलं की बरंचसं ताळ्यावर येतं. बायकांना माळ्यावर चित्रं ठेवू नका म्हणून सांगायला हे एक कारण बरंय, म्हणजे मला माझ्या नवऱ्याला सांगायला.

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये मी एकटीच तेलवाली. बाकी सगळे वॉटरकलर. महाराष्ट्रात लँडस्केप म्हटलं की वॉटरकलरच, ती आपली जुनी परंपरा आहे आणि त्यात आपल्याकडे भलतीच मोठी माणसं होऊन गेली, ते सगळं मान्य. पण आउटडोअरला गेल्यावर या लोकांचं अर्ध्या तासात लँडस्केप मारून होतं, मग ते भजी खात माझ्या मागं येऊन उभे राहतात. "अजून टोनच का?" (टोन म्हणजे उजेड-सावलीची मांडणी.) मग कुणीतरी हमखास विचारतो, "हे वाळणार कधी?" मी म्हणते दिवाळीला या. आणि येताना ते आपली चित्रं एकमेकांना टेकवून गाडीच्या डिकीत शांतपणे ठेवतात, माझं मात्र मांडीवर, कुणाचा कोपर लागू नये म्हणून मी सगळा यवतेश्वरचा घाट हात वर करून उतरते.

त्यामुळे होतं काय, की मी कायम एक ऋतू मागं असते. बाहेर पळस फुललेला असतो तेव्हा माझ्याकडे कास चाललेलं असतं. पळस हातात घेते तोवर बहावा लोंबायला लागतो. बहाव्याचे पिवळे झुबके कसेबसे बसवते तोवर पाऊस, आणि पावसात तर विचारूच नका, इतकी दमट हवा की रंग जिथल्या तिथं, वर कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके. एकदा तर भर जुलैत गुलमोहर रंगवत बसलेले, बाहेर दिसेनासा पाऊस, लाइट गेलेली, आणि मी टॉर्चच्या उजेडात उन्हाळा करतेय. त्या फ्रेंच चित्रकार मोनेचं बरं होतं. त्यानं जिव्हर्नी गावात 1883 साली घर भाड्यानं घेतलं, आधी बाग केली मग बागेची चित्रं केली, हाताशी पगारी माळी, आणि गवताच्या गंजी रंगवताना म्हणे बाजूला कितीतरी कॅनव्हास लावून ठेवायचा, ऊन सरकलं की हा ठेव तो घे. आमच्या टू बीएचकेत एक इझल उघडली की बाल्कनीचं दार बंद होतं.

पण खरं सांगू का, मला हे मागं राहणं आवडतं. फूल समोर असताना त्याचं काढायचं काय? समोर असलं की आपण पाकळ्या मोजत बसतो. चार महिने गेले की पाकळ्या विसरतात आणि रंग तेवढा राहतो, तोही खरा होता तेवढाच राहतो असं नाही.

कासचंच बघा. लोक म्हणतात फुलांचे गालिचे, आणि चित्रातपण तेच करतात, खालपासून वरपर्यंत ठिपके ठिपके. पण तिथं फुलांच्या आधी दिसतो तो दगड. सगळं पठार जांभ्याचं, वर माती जेमतेम, म्हणून तर मोठी झाडं धरत नाहीत आणि या इवल्या इवल्या फुलांना रान मोकळं मिळतं. साडेआठशेच्या वर जाती सांगतात फुलझाडांच्या. 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत सह्याद्री गेला त्यात कासपण गेलं आणि तेव्हापासून आमच्या साताऱ्यात सप्टेंबरच्या रविवारी गाडी बाहेर काढायची सोय उरली नाही. तर मी आधी आख्खा कॅनव्हास बर्न्ट सिएनानं तांबडा करून घेते. मग त्यावर हिरवा, पण सगळीकडे नाही, मधेमधे तांबडं उघडं ठेवायचं. त्या तांबड्यावर हिरवा असा काही थरथरतो. फुलं सगळ्यात शेवटी, अगदी थोडी. लांबची फुलं तर फुलं नसतातच, नुसता हिरव्याचा रंग जरा बिघडलेला असतो.

हिरव्यावरून माझं डोकं फिरतं हे आमच्या ग्रुपला माहितीय. ट्यूबमधला सॅप ग्रीन पिळला आणि फासला, की झालं याचं श्रावण! अरे तो हिरवा कुठं दिसतो का? प्लास्टिकच्या बादलीला दिसतो. श्रावणातल्या हिरव्यात पिवळं किती असतं, आणि ढग आले की त्याच हिरव्यात काळं किती येतं. लेमन यलोमध्ये सुईच्या टोकाएवढा आयव्हरी ब्लॅक घालून बघा. काळा आणि पिवळा, निळ्याचं नाव नाही, आणि पॅलेटवर शेवाळलेला ओला हिरवा तयार. ज्याला हे एकदा दिसलं तो परत सॅप ग्रीन विकत घ्यायचा नाही. घेतलाच तर माझ्यासमोर काढू नये.

हे सगळं मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या तेवढंच. तेलाचा नाद लागला तो नाक्यावरच्या पेंटरकाकांमुळे. शाळेतून येताना वाटेत ट्रकच्या बॉडीचं काम चालायचं तिथं ते असायचे, उलट्या घातलेल्या डालडाच्या डब्यावर बसलेले, तोंडात विझलेली विडी. ट्रकच्या मागच्या फळक्यावर लँडस्केप. बर्फाचे डोंगर (साताऱ्यात!), खाली तळं, तळ्यात राजहंस, आणि कडेनं कमळं. रंग म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात तोच डबीतला ऑइलपेंट. डोंगर, पाणी वगैरे ते पोराला करायला द्यायचे. कमळाला मात्र स्वतः उठायचे.

चपटा ब्रश. त्याची एक कड पांढऱ्यात बुडवायची, दुसरी कड गुलाबीत. मग डबीच्या झाकणावर दोनतीनदा मागंपुढं पुसायचा म्हणजे मधल्या मधे दोन्ही रंग एकमेकांत विरतात. मग ब्रश फळीला टेकवायचा, दाबायचा, किंचित फिरवत वर उचलायचा. एवढंच. पाकळी! बाहेरून पांढरी, आत गुलाबी होत गेलेली, टोकाला निमुळती. परत बुडव, पूस, टेकव, दाब, फीर, उचल. दुसरी पाकळी. मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी. एका दमात कमळ झालं आणि काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाबायचं कळलं पायजे, उचलायचं आपोआप कळतंय." पोर हसलं. मला आजतागायत त्यातलं उचलायचंच नीट जमत नाही, दाबते मी भरपूर.

नंतर ट्रक निघून जायचा. कमळ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी कुठं कुठं धूळ खात फिरत असेल.

गुलाबी म्हटल्यावर तेरडा आलाच. आमच्याकडे गौरी तेरड्याच्या. गौरी आणायच्या दिवशी आई आणि काकू सकाळीच पाटाच्या कडेला जायच्या, मुळासकट रोपं उपटायची, मुळं धुवायची, आणि ती ओली जुडी माझ्या हातात द्यायच्या. पावलं काढलेल्या उंबऱ्यावरून ती आत यायची, "गौर आली, कशाच्या पावलानं आली," आणि मी मात्र फुलाच्या मागच्या त्या वाकड्या बारीक शेपटीकडे बघत, आणि शेंगा पिकलेल्या असल्या तर चिमटीत धरून फाटकन फोडत. तिसऱ्या दिवशी विसर्जनाला नेताना फुलं माना टाकून. तेरड्याचे रंग तीन दिवस, तसंच.

आणि गंमत म्हणजे तेलातसुद्धा हा गुलाबी तसलाच बेभरवशाचा. बरेचसे पिवळे, माती रंग, अल्ट्रामरीन हे सगळे घरचे, टिकतात. लाल-गुलाबीतले काही मात्र उजेडानं उडतात. व्हॅन गॉगनं 1890 च्या मे महिन्यात, सेंट रेमीच्या इस्पितळातून निघायच्या आधी, फुलदाणीतले गुलाब रंगवले होते. दोन चित्रं, एक आता न्यूयॉर्कला आणि एक वॉशिंग्टनला. आज बघाल तर गुलाब पांढरे. ते गुलाबी होते! रंग उडून गेला आणि इतकी वर्षं लोक त्या पांढऱ्या गुलाबांपुढं उभे राहून वा वा करतायत. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, चांगलं माहीत होतं, भावाला पत्रात लिहिलंय त्यानं की हे रंग टिकणारे नाहीत, म्हणूनच ते बिनधास्त भडक लावावेत, काळ काय तो त्यांना सौम्य करेलच. मी तेव्हापासून तेरडा जरा चढाच लावते. आता ट्यूबवर टिकाऊपणाच्या चांदण्या छापलेल्या असतात, क्विनॅक्रिडोन म्हणून चांगला टिकाऊ गुलाबी मिळतो, तो महाग आहे. तोच वापरते आणि तरीही चढा लावते. सवय.

माझी चित्रं घेणारे म्हणजे नात्यातलेच. नणंदेनं घेतलेल्या बहाव्याखाली आता पिवळ्या उशा आल्यात. म्हणजे चित्राला मॅचिंग उशा, उलटं नाही, याचा मला किती आनंद झाला ते तिला सांगितलं नाही.

आणि आई. आई माझ्याकडेच असते आता. माझ्या प्रत्येक चित्रापुढं खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, "छान, कसं सौम्य काढतेस गं, डोळ्याला त्रास नाही." मला वाटायचं आईला माझं टोनिंग कळतंय. मागच्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूत म्हणे डोळ्याचं भिंगच पिवळसर तपकिरी होत जातं, सगळं जग गाळून येतं, निळा तर फारच मार खातो. मोनेलापण झालं होतं, 1923 साली ऑपरेशन केलं, त्याआधीच्या त्याच्या चित्रांत तांबडं-तपकिरीच माजलेलं दिसतं. आईची पट्टी निघाली, थेंब घालून झाले, काळा चष्मा काढला आणि ती हळूहळू चालत हॉलमध्ये आली. भिंतीवर तेरडा. दोन वर्षं तिथंच आहे.

बराच वेळ बघत राहिली.

"हे कधी बदललंस?"

"बदललं नाही आई, तेच आहे."

"अगं काहीतरीच. एवढं भडक नव्हतं ते." मग इझलवरची सोनकी बघितली, मग परत तेरडा, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझे केस कधी एवढे पांढरे झाले?"

मी काही बोलले नाही. मग ती बाल्कनीत गेली, समोरच्या बंगल्याच्या कंपाउंडवर बोगनवेल आहे, तिच्याकडे हात डोळ्यावर धरून बघत म्हणाली, "ही पण बघ, हल्ली फारच भडक फुलते."

म्हटलं, हो ना. खतं घालतात हल्ली.