तळघरात थिएटर करायचंय, पण आधी पाण्याचं बघा

आमचं घर खानापूर रोडच्या बाजूला उतारावर आहे, त्यामुळे खालचा मजला तीन बाजूंनी मातीत आणि एका बाजूनं मोकळा. आजवर तिथं तांदळाची पोती, जुनी सायकल, लग्नकार्यातली मोठी पातेली असला कारभार. आता तिथं होम थिएटर करायचं घाटतंय. युट्यूबवर बघितलं तर सगळे स्पीकर नि प्रोजेक्टरपासूनच सुरुवात करतात, पण बेळगावच्या पावसात तसं जमत नाही ओ, माझ्या मते इथं निम्मं बजेट पाण्यालाच काढून ठेवावं.

खालनं ओल येते का बघायला मेस्त्रींनी कोब्यावर दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायला सांगितलं, निदान १६ तास तरी ठेवायचं म्हणे. सकाळी उचललं तर आतनं थेंब! मागच्या भिंतीला गुडघ्याएवढा लोणा चढलाय, नखानं खरवडला की पांढरी पूड पडते. मेस्त्रींबरोबरचा गडी गोकाककडचा, तो भिंतीला हात लावून एवढंच म्हणाला, "नीर बरतैत्री," म्हणजे कन्नडमध्ये पाणी येतंय हो.

आतनं वॉटरप्रूफ रंग मारून भागवा असं सांगणारे भेटले बरेच, पण पाणी भिंतीच्या मागनं ढकलतंय म्हटल्यावर रंग एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरून सुटणारच की. म्हणून मागची माती उकरून भिंतीला बाहेरनं कोटिंग, तळाशी भोकं पाडलेला पाईप, त्याच्यावर खडी, आणि पाणी उताराच्या मोकळ्या बाजूला काढून द्यायचं, शिवाय गच्चीचे पाईप जे थेट भिंतीच्या बुडाशी सुटतात ते लांब न्यायचे. सगळ्यात जास्त पैसे ह्यात जाणार आणि पाहुण्यांना दाखवायला ह्यातलं काहीच नाही :) MDF (लाकडाच्या भुशाचे बोर्ड) आणि जिप्समला मी आत्तातरी हात लावणार नाही, ओल लागली की फुगतात नाहीतर भुसभुशीत होतात.

खोली ११ बाय १९. चौरस नाही ते एक बरं झालं, सारख्या लांबी-रुंदीत बास (खालचा जाड आवाज) एकाच जागी घुमतो. भावाला १२० इंची स्क्रीन पाहिजे. मी टेप घेऊन मोजून दाखवलं, १२० इंची हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, म्हणजे रुंदी पावणेनऊ फूट, मग ११ फुटी भिंतीवर दोन्ही बाजूंना जेमतेम फूटभर उरतं, तिथं स्पीकर कुठं घालतोस बाबा? १०० इंची सव्वासात फुटांत बसते आणि बसायला १० ते १३ फूट अंतर लागतं, ते आमच्याकडं आरामात मिळतं, वर मागच्या भिंतीला टेकून पण बसावं लागत नाही. तरी तो अजून फुगलेलाच आहे.

खरी पंचाईत बीमची. मधोमध बीम खाली उतरलाय, प्रोजेक्टर त्याच्या मागं छताला लावला तर स्क्रीनवर बीमची सावली, आणि बीमच्या खाली लोंबवला तर उंच माणसाचं डोकं आपटणार. आमचा मामा सहा फुटी आहे. म्हणून प्रोजेक्टर बीमच्या पुढच्या अंगाला घ्यायचा, त्यासाठी कमी अंतरात मोठं चित्र टाकणारं मॉडेल शोधतोय. वायरिंगला मात्र कन्ड्यूट (वायरी ओवायचा पाईप) आत्ताच आणि जरा मोठाच, उद्या HDMI केबल बदलायची झाली तर भिंत फोडायला नको.

आवाजाचं म्हणाल तर बरोबर वर आज्जीची खोली. भिंतीला फोम चिकटवला की आवाज वर जात नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतंय. फोमनं खोलीतला घुमारा कमी होतो एवढंच. बाहेर जाणारा आवाज अडवायला जड भिंत, भरीव दार आणि दाराच्या फटीला रबर लागतं, आणि बास तर स्लॅबमधनंच चढतो. सबवूफरखाली (बासच्या स्पीकरखाली) जाड रबर घालणार, पण रात्री दहानंतर आवाज बारीक हे आज्जीनं आधीच कबूल करून घेतलंय.

AC चं पाणी मोकळ्या बाजूला आपोआप जाईल, चारी बाजूंनी मातीत असलेल्या तळघराला त्यासाठी पण पंप लागतो.

ह्या पावसाळ्याआधी बाहेरचं काम उरकायचं आणि सप्टेंबरअखेर परत प्लास्टिक चिकटवायचं. कोरडं निघालं तरच प्रोजेक्टरची ऑर्डर. टिळकवाडी-अनगोळकडं कुणी बाहेरनं कोटिंग करून घेतलं असेल तर चौरस फुटाला काय दर पडला तेवढं सांगा की.